आईची खालची दाढ काढलीय, ब्रिज करावा की इम्प्लांट? (शुगर आहे)

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी, आईच्या दाताबद्दल विचारायचंय. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

आई 61 वर्षांची, आम्ही कराडचे. तिची खालची उजवी मोठी दाढ, डॉक्टरांच्या कागदावर 46 नंबर लिहिलाय, ती आतून पार पोखरली होती, दोनदा गालावर सूज येऊन गेली आणि शेवटी काढावी लागली. जखम आता भरलीय, पण त्या जागी काय बसवायचं यावरून घरात रोज चर्चा चाललीय. एका डॉक्टरांनी ब्रिज सांगितला, म्हणजे पुढची उपदाढ आणि मागची दाढ दोन्ही मशीननं घासून बारीक करायच्या, दोघींवर कॅप आणि मधे त्यांना जोडलेला खोटा दात, असे तीन युनिट. मेटल-सिरॅमिकचा एका युनिटला 5 हजार म्हणजे 15, झिर्कोनियाचा 9 प्रमाणे 27 हजार. दुसरे डॉक्टर म्हणाले ब्रिज अजिबात करू नका, चांगले दात खराब होतात, इम्प्लांट करा (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात), कॅपसकट 38 हजार आणि स्क्रू हाडात मुरायला तीन-चार महिने.

पुढच्या उपदाढेचं (45) रूट कॅनल बऱ्याच वर्षांपूर्वी झालंय, वर मोठं फिलिंग आहे, कॅप घातलेली नाही. मागची (47) मात्र वरून अगदी चांगली दिसते. आईला शुगर आहे, गोळ्या चालू, मागच्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) 7.4 आलं.

आईचं म्हणणं, ऑपरेशन नको आणि धड दात घासायलाही नको, आहे तसं राहू दे, मी डावीकडून खाते. पण भाकरी दुधात कुस्करून खाते, ओला खोबऱ्याचा तुकडासुद्धा तोंडात घालत नाही, शेंगदाण्याची चटणी एवढी आवडीची पण ती सुद्धा बंद. मावशी म्हणते काढायची-घालायची कवळी कर, तीन हजारात होते. पैशांची फार अडचण नाही पण दोनदा खर्च करायची तयारी पण नाही. तुमच्यापैकी कुणी ब्रिज केलाय का? किती वर्षं टिकला? शुगरवाल्यांना कुठलं बरं?

सांगलीकर_काका

ताई, माझा खालचा ब्रिज 2009 चा आहे, तीन युनिटचाच, मेटल-सिरॅमिक. आमच्याकडे त्याला फिक्स दातच म्हणतात. एका कॅपचं वरचं सिरॅमिक टवका उडून आतलं मेटल दिसतंय एवढंच, बाकी मटण-भाकरी, हुरडा, सगळं खातो. तेव्हा टिकत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

पण दोन गोष्टी सांगतो. ब्रिज चिकटवायच्या दिवशी डॉक्टर निळा कागद देतात आणि दात दाबायला लावतात, जिथं जास्त लागतो तिथं निळा ठिपका उठतो आणि तेवढं ते मशीननं कमी करतात. त्या वेळी आईला लाजू देऊ नका. सुई टोचलेली असते, जीभ-तोंड बधिर असतं, आपण घाईत बरं आहे म्हणून टाकतो आणि घरी आल्यावर कळतं की दात उंच लागतोय. माझ्या बायकोचा तसा लागत होता, सवय होईल सवय होईल म्हणत ती थांबली आणि वरची दाढ ठणकायला लागली. परत जाऊन घासून आणल्यावर दोन दिवसात बरं वाटलं. उंच लागलं तर सरळ परत जायचं, त्याचे पैसे घेत नाहीत.

दुसरी गोष्ट खोट्या दाताखालची सफाई. साधा फ्लॉस (दातांच्या फटीत घालायचा दोरा) तिथं वरून जातच नाही, कारण तिन्ही दात एकमेकांना जोडलेले असतात. सुपर फ्लॉस म्हणून मिळतो, त्याचं एक टोक कडक असतं, मधे फुगीर स्पंजासारखा दोरा. ते कडक टोक गालाकडून खोट्या दाताच्या आणि हिरडीच्या फटीत सरकवायचं, जिभेकडून ओढून घ्यायचं आणि मग फुगीर भाग मागेपुढे करायचा. पहिले काही दिवस रक्त येतं, बोटं तोंडात मावत नाहीत, वैताग येतो. मी रात्री बातम्या बघत करतो, आता हाताला सवय झालीय. पोहे खाल्ले की कोथिंबीर त्या फटीत हमखास सापडते.

गोदाघाट

काकांचा टिकला चांगली गोष्ट आहे पण माझा अनुभव पूर्ण उलटा आहे आणि तो पण ताईंना कळायला पाहिजे.

माझा पण खालचाच, तीन युनिटचा. बसवला तेव्हा सफाईचं कुणी एका शब्दानं सांगितलं नाही, सुपर फ्लॉस हा शब्द मी आज इथे पहिल्यांदा वाचतोय. सात-आठ वर्षांनी तोंडाला वास यायला लागला, सकाळी त्या बाजूला विचित्र चव यायची. दुखत काहीच नव्हतं कारण मागच्या दाताचं रूट कॅनल झालेलं, नसच नाही तर दुखणार काय. दुसऱ्या डॉक्टरकडे दाखवलं तर ते म्हणाले मागच्या कॅपखालचं सिमेंट कधीच निघून गेलंय. पुढची कॅप घट्ट धरून बसलेली म्हणून ब्रिज पडला नाही, हललाही नाही, आणि मागच्या कॅपच्या आत थुंकी, अन्न सगळं जात राहिलं. ब्रिज कापून काढला तर आतला दात ओल्या बिस्किटासारखा, नुसत्या चिमट्यानं तुकडे निघत होते. तो दात गेला. म्हणजे एक दात बसवायला गेलो आणि दोन दातांची जागा रिकामी झाली, आता मागे आधारच नाही म्हणून इम्प्लांटशिवाय पर्याय राहिला नाही.

माझं मत सांगायचं तर मागची दाढ खरंच धडधाकट असेल तर तिला हात लावू देऊ नका. इम्प्लांट करा, महाग वाटतं पण बाजूचे दात वाचतात.

दाताचा_डॉक्टर

मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, कॅप, ब्रिज, कवळ्या, इम्प्लांटवरचे दात हेच रोजचं काम. पेशंट न बघता निर्णय देता येणार नाही पण विचार कसा करायचा ते सांगतो.

वरचे दोन्ही अनुभव खरे आहेत आणि दोन्ही मी दर आठवड्याला बघतो. ब्रिज सरसकट वाईट नाही आणि इम्प्लांट सरसकट चांगलं नाही. सगळ्यात आधी बघायचं ते बाजूचे दोन दात, गेलेला दात नंतर. त्या दोघांवर आधीच रूट कॅनल, मोठं फिलिंग किंवा जुनी कॅप असेल तर त्यांना तसंही कॅपची गरज असते, मग ब्रिजमध्ये आपण फार काही गमावत नाही. दोन्ही दात कोरे असतील तर मात्र मी स्वतः ब्रिजचा सल्ला देताना दहादा विचार करतो. कारण कॅपसाठी दात घासायचा म्हणजे वरून साधारण दीड ते दोन मिलिमीटर आणि चहूबाजूंनी मिलिमीटर-दीड मिलिमीटर काढावं लागतं, झिर्कोनियाला थोडं कमी. दाढेवरचं एनॅमल (वरचं कडक आवरण) जाडीला असतंच मुळात दोन-अडीच मिलिमीटर. ते एकदा गेलं की परत येत नाही. शिवाय असे घासलेले जिवंत दात, त्यातल्या साधारण दहातल्या एकाची नस पुढच्या दहा वर्षांत मरते आणि मग कॅपला भोक पाडून रूट कॅनल करायची वेळ येते.

टिकण्याचं विचाराल तर दोन्ही बाजूंनी आधार असलेले साधे ब्रिज दहा वर्षांनंतर शंभरातले जवळजवळ नव्वद तोंडात असतात असं अभ्यासांत दिसतं. एकाच बाजूला आधार घेऊन दुसरीकडे अधांतरी दात ठेवला तर तोच आकडा ऐंशीच्या आसपास येतो, म्हणून खर्च वाचवायला कुणी फक्त उपदाढेवर कॅप घालून मागे दाढ लटकवतो म्हणालं तर नाही म्हणा, उपदाढ तेवढा भार सोसत नाही.

भाराचा हिशोब पण सांगतो कारण ताईंच्या आईच्या केसमध्ये तो बरा बसतो. 1926 साली अँटे नावाच्या डेंटिस्टनी एक नियम मांडला, आधाराच्या दातांच्या मुळांचा पृष्ठभाग गेलेल्या दाताच्या मुळांइतका तरी हवा. खालच्या पहिल्या दाढेचा सरासरी 431 चौरस मिलिमीटर धरतात, दुसऱ्या उपदाढेचा 207 आणि दुसऱ्या दाढेचा 426, बेरीज 633. म्हणजे हाड शाबूत असेल तर आधार पुरेसा आहे. हा ढोबळ नियम आहे, हिरड्यांचा आजार होऊन हाड खाली गेलं असेल तर ही बेरीज कागदावरच राहते. म्हणून दोन्ही दातांचे एक्स-रे काढल्याशिवाय कुणालाच हो म्हणू नका.

आता 45 बद्दल. रूट कॅनल झालेली आणि इतकी वर्षं कॅप नसलेली उपदाढ म्हणजे ती कधीही उभी चिरू शकते, तिला कॅप हवीच, ब्रिज करा नाहीतर इम्प्लांट करा. फक्त जुनं फिलिंग काढल्यावर हिरडीच्या वर चारी बाजूंनी दोन मिलिमीटर तरी स्वतःचा धड दात उरला पाहिजे. तेवढा नसेल तर तिच्यावर ब्रिजचा भार टाकणं धोक्याचं. आणि 47 खरंच चांगली आहे का हे नुसतं वरून बघून कळत नाही. मधली दाढ इतकी किडलेली होती तर तिच्याकडच्या बाजूनं 47 ला पण कीड लागलेली असू शकते, आता जागा मोकळी आहे तर आरशात स्पष्ट दिसेल.

शुगरचं म्हणाल तर 7.4 ला इम्प्लांट होत नाही असं काही नाही, आटोक्यात असलेल्या शुगरवर आम्ही नेहमी करतो. पण एक प्रश्न नक्की विचारा, आईला हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन चालू आहे का? त्या औषधांमध्ये जबड्याचं हाड बरं होताना अडचण येऊ शकते, इम्प्लांटच्या आधी ते डॉक्टरांना माहीत असलंच पाहिजे. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती पण सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका.

मेटल की झिर्कोनिया? दाढेला दोन्ही चालतात. मेटलवरच्या सिरॅमिकचा टवका उडतो, काकांचा उडालाय तसा. अख्ख्या झिर्कोनियाचा तो प्रश्न जवळजवळ येत नाही. मेटलमध्ये बरेचदा निकेल असतं, आईचे कान खोट्या कानातल्यांनी चिघळत असतील तर तसं सांगा, निकेल नसलेला मेटल किंवा झिर्कोनिया घ्या. आणि झिर्कोनियाबरोबर दहा-पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड मिळतं त्यावर भुलू नका, ते कार्ड लॅबच्या मालाचं असतं, आतला दात किडला तर त्यात काही येत नाही.

लेस्टरवासी

इकडचं थोडं लिहितो. इंग्लंडमध्ये एनएचएसवर (सरकारी आरोग्यसेवेत) कॅप, ब्रिज, कवळी हे सगळं बँड 3 या ठरावीक दराच्या गटात येतं, 2024 ला त्याचे 319 पौंड 10 पेन्स होते, मग युनिट एक असो की तीन, एका ट्रीटमेंट प्लॅनला तेवढेच. इम्प्लांट मात्र अगदी खास कारण असल्याशिवाय मिळत नाही, खासगीत करावं लागतं.

मला लिहावंसं वाटलं कारण माझा पुढचा दात गेला तेव्हा दात न घासता ब्रिज केला. मेरीलँड ब्रिज म्हणतात, खोट्या दाताला मागून एक पातळ पंख असतो आणि तो बाजूच्या दाताच्या आतल्या बाजूला चिकटवतात. पुढून काही कळत नाही. माझ्या डेंटिस्टनं सांगितलं की पुढच्या दातांना हे छान चालतं, दाढेला जोर जास्त म्हणून सहसा करत नाहीत. तेव्हा काकूंना उपयोगाचं नाही पण ज्यांचा पटाशीचा दात गेलाय आणि बाजूचे कोरे आहेत त्यांनी नक्की विचारावं, आपल्याकडे कितीदा कुणी हा पर्याय सांगतच नाही.

परळ_ते_पनवेल

खर्चाचं बोलायचं तर मुंबईत नायर डेंटल किंवा सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज, गोव्यात बांबोळीचं डेंटल कॉलेज, इथे ब्रिज खूप स्वस्तात होतो. पीजीचे विद्यार्थी करतात, प्रत्येक पायरीला मोठे सर-मॅडम येऊन तपासतात, दात घासला की बघणार, माप घेतलं की बघणार, माप पसंत नाही पडलं तर परत घ्यायला लावणार. फेऱ्या मात्र जास्त होतात आणि रांगेत बसायची तयारी हवी. माझ्या सासऱ्यांचं सगळं नायरला झालं, काम एक नंबर. ताई तुमच्या तर कराडलाच कृष्णाचं डेंटल कॉलेज आहे, तिथे प्रोस्थोच्या (कॅप-ब्रिजच्या विभागाच्या) ओपीडीत एकदा दाखवून तिसरं मत घ्या, काय वाईट आहे.

मावशींच्या कवळीबद्दल, एका दाढेची काढती कवळी माझ्या आईनं केली होती. इतकी छोटी वस्तू की जेवताना हलायची, जीभ सारखी तिकडे जायची, शेवटी डबीतच राहिली. लग्नकार्याला सुद्धा घातली नाही.

दाताचा_डॉक्टर

हो, एका दाढेसाठी ॲक्रिलिकची एकतर्फी छोटी कवळी मी देतच नाही, ती चुकून गिळली जाऊ शकते. बरेच दात गेले असतील तेव्हा काढती कवळी चांगला पर्याय असतो.

गोदाघाट, तुमचं जे झालं त्यात सफाई न सांगणं ही डॉक्टरची जबाबदारी होती, तुमची नाही. ब्रिज बसवून फ्लॉस शिकवल्याशिवाय पेशंटला खुर्चीतून उठू देऊ नये असं माझं ठाम मत आहे. एका बाजूचं सिमेंट सुटलंय का ते घरी थोडंफार ओळखता येतं, खोट्या दाताखाली बोटानं हलकं वर दाबून सोडलं आणि कॅपच्या कडेला थुंकीचे बुडबुडे आले की समजायचं आत पोकळी झालीय, लगेच दाखवायचं. लवकर आलात तर पुष्कळदा आतला दात वाचतो.

कोयनाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. इतकं कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं.

अपडेट देते. कॉलेजच्या ओपीडीत जाऊन आलो. दोन्ही दातांचे एक्स-रे काढले. 45 चं रूट कॅनल व्यवस्थित आहे, दात चांगला उरलाय म्हणाले. आणि डॉक्टर, तुम्ही लिहिलं होतं तसंच निघालं, 47 च्या पुढच्या बाजूला कीड आहे, मॅडमनी आरसा धरून आईला आणि मला दाखवली, हिरडीच्या थोडी वर तपकिरी खड्डा. नसेपर्यंत गेलेली नाही पण फिलिंग मोठं करावं लागणार. म्हणजे दोन्ही बाजूचे दात कोरे नाहीतच. त्यांनी इम्प्लांटचं पण नीट समजावलं, हाड पुरेसं आहे, करता येईल, पण 45 ची कॅप, 47 चं फिलिंग आणि वर इम्प्लांट असं तीन वेगळी कामं होतील म्हणाल्या. आईनं तिथंच ठरवलं की ब्रिज. हाडाच्या गोळ्या चालू नाहीत.

एकच गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. आई रोज सकाळी मिश्री लावते, लहानपणापासूनची सवय आहे. मॅडम म्हणाल्या हिरड्या आधी साफ करून घ्या, मगच माप घेऊ. आई मिश्री सोडायला तयार नाही, म्हणते त्यानंच माझे बाकीचे दात टिकलेत. खरंच इतका फरक पडतो का?

दाताचा_डॉक्टर

पडतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. त्यानं दात टिकत नाहीत, उलट हिरडी दातापासून खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं. तंबाखूमुळे हिरडीतून रक्त कमी येतं म्हणून आजार आत वाढत असतानाही वरून हिरड्या घट्ट वाटतात, त्यामुळे दात चांगले आहेत असा समज होतो. त्यात शुगर असली की हाड आणखी लवकर झिजतं. ब्रिजच्या कॅपची कड जिथं संपते तिथंच मूळ उघडं पडलं की कीड बरोबर तिथे धरते. तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच, तो तर आहेच. मॅडमनी आधी हिरड्या म्हटलंय ते अगदी योग्य सांगितलंय. आईशी भांडू नका, माझे बरेच पेशंट आधी संध्याकाळची बंद करतात, मग सकाळी मिश्रीच्या जागी साध्या पेस्टनं ब्रश करतात. सवय बोटानं घासण्याची पण असते, तेव्हा सुरुवातीला बोटानंच पेस्ट लावू द्या, पण तंबाखू नको. कॉलेजात तंबाखू सोडवायला मदत करणारा विभाग असतो, तिथे एकदा बसवा.

माप घ्यायच्या दिवशी एवढं विचारा की खोट्या दाताखाली सफाईला जागा ठेवणार ना. खालच्या मागच्या दाढेला दिसण्यापेक्षा ते महत्त्वाचं. हिरडीला अलगद टेकणारा, खालून गोलसर आणि गुळगुळीत असा आकार हवा, हिरडीवर खोगीर घातल्यासारखा पसरलेला नको. आणि दात घासल्यापासून पक्का ब्रिज येईपर्यंत तात्पुरता ब्रिज घालूनच घरी या, नाहीतर 47 ला पाण्याचा गुळणासुद्धा झोंबेल.

सांगलीकर_काका

तात्पुरता असेपर्यंत चिक्की, चकली, मटणाची नळी बंद ठेवा ताई, तो प्लॅस्टिकसारखा असतो आणि कच्च्या सिमेंटनं चिकटवलेला. निघाला तर घरी फेविक्विक वगैरे लावू नका, आमच्या शेजाऱ्यानं लावलं होतं आणि मग डॉक्टरला तो काढताना घाम फुटला. डबीत ठेवून सरळ दवाखान्यात न्यायचा.

कोयनाकाठ

नक्की काका. हिरड्या साफ करायची पहिली तारीख मिळालीय, पुढच्या गुरुवारची. मेडिकलमध्ये सुपर फ्लॉस विचारला तर दुकानदाराला माहीत नव्हता, ऑनलाइनच मागवू ना? आणि आईच्या बोटांना संधिवात आहे, तिला तो दोरा ओवायला जमेल असं वाटत नाही, त्याऐवजी दुसरं काही चालेल का?

दाताचा_डॉक्टर

ऑनलाइन मिळतो. संधिवात असेल तर छोटा इंटरडेंटल ब्रश द्या, बाटली घासायच्या ब्रशची अगदी बारीक आवृत्ती, दांडी धरून खोट्या दाताच्या दोन्ही बाजूंच्या फटीत घालायचा. त्याचे वेगवेगळे नंबर असतात, ब्रिज बसल्यावर मॅडमकडूनच फट बघून नंबर घ्या, अंदाजानं घेऊ नका, जाड घेतला तर जाणार नाही आणि बारीक घेतला तर साफ होणार नाही. पाण्याच्या फवाऱ्याचं मशीन पण येतं, वॉटर फ्लॉसर, त्यानं अडकलेले कण चांगले निघतात पण चिकट थर पूर्ण निघत नाही, म्हणून ब्रशबरोबर वापरा. आठवड्यातून दोनदा तुम्ही स्वतः आईला सुपर फ्लॉस करून दिलात तर आणखी चांगलं.